तिसऱ्या खणाचा तळ

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. पण पुढे काही सांगण्याआधी जरा तुमचे हात दाखवा. खिशात मोजपट्टी नाही ना? रंधा? बरं. राग मानू नका. माझ्यावर जे गुदरलं ते ऐकलंत, तर तुम्हीही येणाऱ्याजाणाऱ्याचे हात आधी बघाल.

माझी जाडी करंगळीच्या नखाएवढी. एका म्हाताऱ्या सुताराने मला जाड फळीतून हाताने चिरून काढलं, दोन्ही अंगांनी रंधा मारला आणि कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या टेबलात तिसऱ्या खणाचा तळ म्हणून बसवलं. वरच्या दोन खणांना माझ्याच बहिणी होत्या. माझ्या अंगावर रिळं, बटणं, खडू आणि मशीनच्या तेलाची बाटली असायची. बाटली गळकी होती, त्यामुळे वर्षानुवर्षं ते तेल माझ्यात मुरत गेलं. बाई कात्री खणात टाकायची ती टोकाकडून, त्याचे व्रणही मी मिरवले. लोक फ्रॉकचं कौतुक करायचे, मशीनचं करायचे, पण खणाच्या तळाकडे कोण बघतं? तरी ते दिवस सुखाचे होते, हे मला फार उशिरा कळलं.

बाई संशयी होती. गॅसवाल्याने टाकी हलकी दिली, भाजीवाल्याने काटा दाबला, शेजारीण उगाच हसली... उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई! चाव्यांचा जुडगा कायम कमरेला, झोपेतही सुटायचा नाही. मला तिचं हे वागणं मनापासून पटायचं.

पुढे जावयाचा कारखाना बंद पडला आणि लेक-जावई बाईच्याच घरी राहायला आले. "जावईबापू, घर तुमचंच समजा," असं बाई म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिने कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

जावई हाताचा कसबी होता. मागच्या पडवीत बसून तो लहान लहान लाकडी डब्या करू लागला. कुणाला चष्म्याची, कुणाला कानातल्यांची. अडचण एकच, पातळ लाकूड मिळेना. वखारवाला म्हणायचा, "एवढं पातळ कोण ठेवतं हो? प्लाय न्या की!" जाड फळी चिरून घ्यावी, तर निम्मं लाकूड भुशात जायचं आणि उरलेलं दोन दिवसांत पन्हाळीसारखं वाकायचं.

एका दुपारी बाई बाजारात गेली होती. जावई बटण लावायला सुई शोधत टेबलापाशी आला. त्याने पहिला खण ओढला आणि थबकला. आतलं सामान बाजूला सारून तळावर टकटक केलं. मग खण बाहेर काढला, रिकामा करून उलटा केला, आणि एक डोळा मिटून तळ सरळ आहे का ते पाहिलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणसं खण उघडतात ती आतल्या वस्तूसाठी. हा खणाकडेच बघत होता!

फळी हवी होती तर बाईकडे मागायची. पण तो पुटपुटला, "खातो यांचं, राहतो यांच्याकडे, आता टेबलही मागू? आधीच मला चोर समजतात." आणि असं म्हणत त्याने चोरी केली. आधी माझी थोरली बहीण गेली, काही दिवसांनी मधली. त्यांच्या जागी चहाच्या पाण्याने रंगवलेलं प्लाय आलं.

बाईला लगेच कळलं. "कात्री टाकली की ठक्क व्हायचं, आता भद्द होतं," ती लेकीला म्हणाली. "माझ्या खणांचे तळ कुणीतरी बदललेत."

"आई, खणांचे तळ कोण चोरेल गं?" लेक आधी हसली. बाई रोज तेच म्हणू लागली, तेव्हा तिचं हसू आटलं आणि ती आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "वयाने असे भास होतात म्हणे. गोळ्या दिल्यात. चाव्या, गॅस, सगळं आता आपल्या हातात घ्या म्हणाले." जावई मान खाली घालून ऐकत होता.

मग लेक म्हणाली, "अहो, आईच्या गोळ्यांना एक डबी करा ना. वारांप्रमाणे कप्पे असलेली."

त्याच्याकडचं लाकूड संपलं होतं. माझी पाळी आली, आणि खणात माझ्याही जागी तसंच प्लाय बसलं.

मला चिरलं, माझे व्रण रंध्याने पुसले, वरून पॉलिश चढवलं. "किती गोड झालीय!" लेक म्हणाली. उभ्या आयुष्यात माझं झालेलं हे पहिलं कौतुक, आणि ते मला विषासारखं लागलं.

लेकीने मला आईच्या हातात दिलं. मित्रांनो, पॉलिश वरवरचं असतं, तेल आत मुरलेलं असतं. बाईने झाकण उघडलं, मला नाकाशी नेलं, अंगठा फिरवला. "हा माझा तिसरा खण आहे," ती म्हणाली.

लेकीचे डोळे भरून आले. "आई, पुन्हा तेच? दे बघू त्या चाव्या."

मला वाटलं, आता बाई घर डोक्यावर घेणार. पण तिने जुडगा स्वतःच सोडला. "असेल गं. मलाच भास होत असतील," ती हळूच म्हणाली. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईने स्वतःवर मात्र आजवर कधी संशय घेतला नव्हता. मला तोंड नाही, याची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

"त्या खरं सांगताहेत," जावई म्हणाला. उठून त्याने तिन्ही खण ओढले आणि जमिनीवर उपडे केले. चहाचा रंग फक्त वरच्या बाजूला होता. खालून प्लाय कोरंच होतं.

लेकीने नवऱ्याकडे पाठ फिरवली. तिने जुडगा आईच्या कमरेला परत खोचला, पण आईच्या नजरेला नजर देणं तिला जमलं नाही.

बाई म्हणाली, "जावईबापू, मागितल्या असत्यात तर मी फळ्या दिल्या नसत्याच. पण म्हातारी खरं बोलतेय, एवढं तरी तुम्ही म्हणायचं होतंत."

जावई आता पातळ लाकडासाठी जुन्या सामानाच्या दुकानातून मोडकी कपाटं विकत आणतो. गोळ्या बंद झाल्या, मी रिकामी पडून असते. बाई मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. गॅसवाल्याशी भांडत नाही. दूध तापवताना पातेलं लेकीपुढे धरते आणि विचारते, "हे नासलंय, की मलाच तसं वाटतंय?" लेक दर वेळी चमचाभर चाखून बघते, मगच उत्तर देते.

म्हणून मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं. लाकूड हवं तर मागा, नाही म्हटलं तर दुसरीकडे शोधा. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं, की इथे काहीतरी बदललंय, तर त्याला डॉक्टरांकडे न्यायच्या आधी खाली वाका, खण बाहेर काढा आणि उलटा करून बघा.