देवघराखालचा फुत्कार

नागपंचमीच्या सकाळी इंदिरानगरातल्या त्या गल्लीत बायकांची रांग लागली होती. वारुळापुढे नव्हे, एका रो हाऊसच्या दारात. हातात लाह्यांच्या वाट्या, दुधाची फुलपात्रं, डोक्यावर पदर. आत एका पोपटाचं दर्शन चाललं होतं.

"सरकत राहा, बायांनो," शेजारच्या नवसाबाई दारात उभ्या राहून शिस्त लावत होत्या. "वाकून बघायचं, हात जोडायचे, पुढं व्हायचं. फोटू काढायचा नाय. नागराजाला चालत नाय."

"पण मावशी, पोपटात नाग शिरला कसा?"

"ते मला काय ठावं? तू आधी कान दे, मंग बोल."

त्या बाईनं कान दिला. देवघराखालच्या छोट्या कपाटातून, आतल्या अंधारातून आवाज आला. लांबलचक, दबलेला, थेट नागासारखा फुत्कार. बाई चटकन मागे सरली, तिच्या वाटीतलं दूध फरशीवर सांडलं आणि ते सांडणंही रांगेतल्या बायकांना काहीतरी खूण वाटली.

शुभांगी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. देवघर तिचं, पोपट तिच्या लेकीचा, आणि तरी आज तिला आपल्याच घरात परक्यासारखं उभं राहावं लागत होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या देवघरातले देव तीच रोज न्हाऊ घालायची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिचं काही चुकत नसे. यंदाच्या चातुर्मासात तिनं लक्ष वातींचा नेम धरला होता. पहाटे कापूस घेऊन बसायची, आवाज न करता.

राजा हा करड्या रंगाचा कॉकटील पोपट. दुकानदारानं "नर आहे, बोलेल" असं सांगून दिलेला. दोन वर्षांत तो चकार शब्द बोलला नव्हता, पण स्वभावानं गरीब. रोशनीच्या खांद्यावर बसून तिच्या हातची पोळी खायचा. मागच्या काही दिवसांत त्याचं काय बिनसलं कळेना. देवघराखालच्या कपाटात, तेलाच्या बाटलीमागे जाऊन बसायला लागला. शुभांगीच्या वातींचा कापूस ओढून न्यायचा, रद्दी कुरतडून तिच्या पट्ट्या करायचा, भिंतीचा रंग खरवडून खायचा. कुणी जवळ गेलं की डोक्यावरचा तुरा फण्यासारखा उभा राही. मग डुलायचा आणि फुत्कारायचा. एकदा तर रोशनीलाच चावला.

"आजारी असंल," सासरे भिमाजी म्हणाले होते. पण नवसाबाईंनी त्याच संध्याकाळी सहादूबाबाला आणला.

सहादूबाबानं कपाटासमोर बसून डोळे मिटले, मानेला एक झटका दिला आणि म्हणाला, "ये पक्षी नहीं है, माउली. हा पहारेकरी आहे. खाली धनाचा हंडा, हंड्यावर नाग, आणि नागाचं सिग्नल ह्या पोपटाला. व्हायब्रेशन बघा कसं येतंय. दोन वर्षं बोलला नाही ना? मौन होतं ते. तपश्चर्या होती."

भिमाजी बाबाकडे सरकून बसले. कॉलनी व्हायच्या आधी इथं त्यांचा मळा होता. शेवंती, झेंडू, कडेला मेथी-कोथिंबीर. मळ्याचे प्लॉट पडले, त्यातल्याच एकावर हे घर उभं राहिलं. जमीन गेली, पण वाडवडिलांच्या त्या जमिनीनं आपल्याला असं रिकाम्या हातानं सोडलं नसेल, हे त्यांच्या मनात कुठंतरी होतंच. बाबानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

आज बाबा देवघराच्या खोलीत लाल आसनावर बसला होता. समोर फरशीवर लाल कापडाची घट्ट पुरचुंडी.

"हात लावा, आजोबा. कशी आहे?"

"गार हाय."

बाबानं कमंडलूतलं पाणी पुरचुंडीवर शिंपडलं, काहीतरी पुटपुटला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कापडातून वाफ निघायला लागली. बायकांच्या रांगेतून एक सुस्कारा गेला.

"आता लावा हात."

भिमाजींनी बोट टेकवलं आणि झटकन काढून घेतलं. चटका बसला होता.

"नागाचा श्वास," बाबा म्हणाला. "धन वर यायला बघतंय. पण ते दिसणार कुणाला? तुम्हाला नाही, मला नाही. ते दिसतं पायाळूला. ह्या घरात एक जीव पायाकडून जन्मलेला आहे. खरं की खोटं?"

रांगेतल्या सगळ्या माना एकदम रोशनीकडे वळल्या. नऊ वर्षांची रोशनी जिन्याच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती पायाळू आहे हे बाबानं ओळखलं म्हणून बायका थक्क झाल्या. खरं तर गल्लीत कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्याच बायका रोशनीची लाथ खायला येत, आणि सगळ्यात जास्त लाथा नवसाबाईंनी खाल्ल्या होत्या. पण त्या घटकेला हे कुणाला आठवलं नाही.

"मुलीनं आज काही खायचं नाही," बाबा सांगू लागला. "तिन्हीसांजेला ती आणि मी, दोघंच ह्या खोलीत. दार बंद. मी देतो ते पाणी ती पिईल, तिच्या अंगठ्याचं थोडं रक्त फरशीवर पडेल, मग तिला हंडा दिसेल. ती दाखवेल तिथं लगेच कुदळ."

शुभांगीनं मनातल्या मनात कुणाची मदत होईल ते चाचपलं. नवरा ओझरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. फोन गेटवर जमा, आणि नेमका आज ओव्हरटाइम. सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते पुरचुंडीकडे पाहत होते.

"महाराज," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की नवसाबाईंना "गप बसा गं" म्हणावं लागलं. "आज नागपंचमी. आज जमिनीत कुदळ घालत नाहीत. आम्ही विळीसुद्धा हातात धरत नाही."

"हा, ते खरंय," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "आज चिरायचं नाय, खणायचं नाय."

बाबाची पापणी क्षणभर फडफडली. "परीक्षा घेत होतो मी. तुला ठाऊक आहे का ते बघत होतो. खणायचं उद्या. आज फक्त बैठक. आणि नीट ऐका, ह्या कपाटात उजेड दाखवायचा नाही. उजेड पडला की धनाचा कोळसा होतो. आणि बैठकीच्या आधी जो कुणी पहारेकऱ्याला हात लावेल, त्याचं पोटचं जाईल."

रांग दोन पावलं मागे सरली. शुभांगी मात्र आधीच्या वाक्यातच अडकली होती. नागाचा एवढा मोठा भक्त, आणि नागपंचमीचं साधं पथ्य विसरतो? आणि ज्या दिवशी भाजी चिरायची नाही, त्या दिवशी माझ्या लेकराचा अंगठा चिरायचा?

दुपारी ती देवळात जाऊन येते म्हणून निघाली, रोशनीचं मनगट घट्ट धरून. देवळातही गेली. तिथून मागच्या गल्लीत डॉक्टर अंजलींच्या दवाखान्यात. त्या जनावरांच्या डॉक्टर. राजा पिल्लू असताना एकदा रोशनी त्याची नखं कापून घ्यायला त्यांच्याकडे आली होती.

अंजलींनी मधे न बोलता सगळं ऐकलं, फक्त रक्ताचं ऐकताना हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"राजाचं तोंड कसं आहे? पिवळंधमक?"

"नाही, करडंच. गालावर फिकट नारिंगी."

"आणि शेपटीखाली पट्टे आहेत," रोशनी म्हणाली.

"शीळ घालतो? आरशासमोर गाणी म्हणतो?"

"कधीच नाही."

अंजली थोडं हसल्या. "मग तो बहुधा राजा नाही, राणी आहे. नराचं तोंड पिवळं होतं आणि तो दिवसभर बडबडतो. अंधारी जागा शोधणं, कापूस-कागद जमवणं, चुन्यासाठी भिंत खाणं, जवळ येणाऱ्यावर फुत्कारणं, ह्या सगळ्याचा एकच अर्थ मला लागतो. ती अंड्यावर बसली असेल, नाहीतर घालायच्या बेतात असेल."

"पण जोडीला नर नाही."

"कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालतेच ना? त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. पाखरू घाबरलं की तुरा उभा राहतो, चिडलं की आडवा होतो. आणि फुत्कार ह्या जातीचा नेहमीचाच. घरट्यापासून लांब राहा, इतकंच ती सांगतेय."

"नक्की ना, डॉक्टर?"

"न बघता नक्की कसं सांगू? पक्षी आजारी असला तरी कोपरा धरतो. मी येते संध्याकाळी."

हे "न बघता" शुभांगीच्या मनात घरी पोचेपर्यंत रुतत राहिलं.

तिन्हीसांजेला खोलीतले दिवे मालवले होते. खिडकीतून येणारा उजेड कपाटापर्यंत पोचत नव्हता. दाराबाहेर गल्ली गोळा झालेली. अंजली उंबऱ्यापाशी आल्या, तसे भिमाजी आडवे आले.

"बाई, तुम्ही भायेरच थांबा. परक्या माणसाचं काम नाय हे."

"रोशनी, ये बाळा," बाबा म्हणाला. त्याच्या हातात गढूळ पाण्याचा पेला होता.

रोशनी हलली नाही. "आई, मला नाही जायचं."

शुभांगी पुढे झाली आणि लेकीच्या व बाबाच्या मधे, कपाटासमोर खाली बसली.

"सूनबाई, बाजूला हो," भिमाजी म्हणाले.

"मामंजी, हे माझं देवघर आहे. हे कपाट मी रोज पुसायची. राजा आत बसायला लागल्यापासून पुसायचं राहिलंय."

"हात लावशील तर पोटचं जाईल," बाबाचा आवाज चढला. "एकुलती एक आहे ना तुझी?"

त्या शब्दांनी तिचा हात हवेतच थांबला. डॉक्टर चुकल्या असतील तर? आत खरंच काही नसलं, एक आजारी पाखरू तेवढं निघालं, तर सगळे म्हणतील बघा, हिनं मोडता घातला, आणि मग दार लागेल. आतून फुत्कार आला. बाहेरच्या बायका एकमेकींना चिकटल्या. शुभांगीनं देवघरातल्या बाळकृष्णाकडे पाहिलं. रोज न्हाऊ घालणाऱ्या हातावर तो कशाला रागवेल? आणि जो लेकराच्या रक्तावाचून बोलत नाही, त्याला मी देव का म्हणू?

तिनं हात आत घातला.

चोच बोटात रुतली. तिनं ओठ दाबले, हात मागे घेतला नाही. पिसं लागली, मऊ कापूस लागला, कागदाच्या पट्ट्या लागल्या. आणि त्यांच्याखाली काहीतरी गुळगुळीत, उबदार.

तिनं हात बाहेर काढला. बोटातून रक्त येत होतं आणि तळव्यावर एक पांढरं अंडं होतं. बोराएवढं. तिच्या पाठोपाठ राजा तरातरा बाहेर आला आणि सगळ्या गल्लीदेखत तिच्या मनगटावर फुत्कारायला लागला.

 सगळ्यांच्या आधी बाबाच बोलला, आणि किती चपळ.

"नागाचं अंडं. बघितलंत? नागानं पोपटाकरवी दिलं. हात जोडा."

दारातले काही हात खरंच जोडले गेले. नवसाबाईंचे सगळ्यात आधी. शुभांगीला वाटलं, संपलं. ह्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे.

"बघू इकडं," भिमाजी म्हणाले.

त्यांनी अंडं चिमटीत धरलं, खिडकीपाशी नेलं, नखानं हलकेच टिचकी मारली. टक्क आवाज आला. पुन्हा मारली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"बाबा, मळ्यातल्या शेणखताच्या ढिगात सापाची अंडी मी लय येळा पाह्यलीत," ते म्हणाले. "ती चामड्यावानी मऊ असत्यात. दाबली तं दबत्यात. हे टणक हाय. हे पाखराचं अंडं हाय."

"दैवी नाग आहे, आजोबा. त्याचं..."

"थांब जरा. मला दुसरं बी काय तरी बघू दे."

ते खाली बसले आणि त्यांनी ती लाल पुरचुंडी सोडली. आत पांढरं, फुटून भुगा झालेलं ढेकूळ होतं. त्यांनी चिमूटभर भुगा बोटावर चोळला आणि मान खाली घातली. 

"कळीचा चुना," ते म्हणाले. "दर दिवाळीला घर रंगवायला, झाडांच्या बुंध्यांना लावायला आपण पिंपात इझवायचो. पाणी पडलं की रटरटतो, वाफ सोडतो. जलमभर बघितलंय मी हे. आन आज ह्या लाल फडक्यात बांधलं तं मला नागाचा श्वास वाटला."

बाबानं पेला खाली ठेवला आणि पिशवी उचलली. पण दारात गल्ली उभी होती, आणि गल्लीनं वाट दिली नाही.

"त्या पेल्याला कुणी हात लावू नका," अंजली म्हणाल्या. "पाण्यात काय आहे ते तपासू द्या. गुप्तधनासाठी लेकराला असं वापरणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, महाराज. पोलिसांना मी मघाशीच फोन केलाय."

"आणि पोर पायाळू आहे हे तुमच्या देवानं नाही, नवसाबाईंनी सांगितलं," मागून एक बाई म्हणाली. "त्यांनी बाबाला सांगितलं तेव्हा मीच होते चहाला."

नवसाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूच शुभांगीजवळ आल्या. "मंग मी सकाळधरनं दूध कुणाला ठिवलं गं?"

"बाळंतिणीला, मावशी," शुभांगी म्हणाली. "पण तिला दूध चालत नाही. सापालाही चालत नाही."

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि दिवसभर ताठलेली ती खोली सैल झाली. अंजलींनी वाकून पाहिलं. आत आणखी एक अंडं होतं. "दोन्ही तिच्याजवळच ठेवा," त्यांनी रोशनीला सांगितलं. "काढून घेतली तर आणखी घालत बसेल आणि अशक्त होईल. चुन्यासाठी उद्या तिला समुद्रफेस आणू. कंटाळली की आपणच उठेल." भिमाजींनी स्वतःच्या हातानं अंडं कापसात ठेवलं आणि कपाटाचं दार जरा लोटून घेतलं.

शुभांगीनं बोटाला हळद लावली. बायका अजून रेंगाळत होत्या, रिकाम्या वाट्या घेऊन, काय बोलावं न कळून. तिला भाषण येत नव्हतं. ती नेहमीच्याच आवाजात बोलली, म्हणून सगळ्यांना पुढे सरकावं लागलं.

"माझे उपास मी सोडणार नाही. उद्याही पूजा करीन. पण देवाचं नाव घेऊन कुणी लेकराला बंद दाराआड मागितलं, उजेड नको म्हणाला, हात लावू नको म्हणाला, तर तिथं आधी दिवा लावा. आत हात घालून बघा. न बोलणाऱ्या जिवाचं काही बिनसलं तर त्याला काय होतंय ते आधी जाणत्याला विचारा. खरा देव उजेडाला भीत नाही. भितो तो लबाड माणूस."

मग तिनं खोलीतला दिवा लावला, रोशनीला मांडीवर घेतलं, आणि सकाळपासून उपाशी ठेवलेल्या लेकीला सगळ्यांसमोर पहिला घास भरवला.