बंद गाड्यांची रांग

लिलावातल्या लबाड्या मिस्त्रींना तोंडपाठ होत्या. उभी हयात गॅरेजात गेलेली. कुठल्या गाडीला वरवर रंग फासलाय आणि कुठली पाण्यात बुडून आलीय, हे ते लांबूनच ओळखायचे. पण त्या दिवशी ते धंद्यासाठी आले नव्हते. कोपऱ्यातली पांढरी गाडी त्यांच्या लेकीची होती. म्हणजे कागदोपत्री तिच्या औषध कंपनीची. पण चालवायची तीच, आणि दर रविवारी बापाच्या गॅरेजात आणून उभी करायची. लेक आजारात गेली. कंपनीने आधी शोकसंदेश पाठवला, मग किल्ली परत मागितली, आणि आता इतर जुन्या गाड्यांबरोबर तिचीही विकायला काढली.

काही झालं तरी गाडी घरी आणतो, असं ते बायकोला सांगून निघाले होते. ती बिचारी सकाळपासून अंगणातला पसारा हलवत होती.

बोली सुरू होण्याआधी गाड्या पाहायला मुभा होती. नेहमीचे व्यापारी त्या गाडीभोवती पुन्हा पुन्हा घुटमळत होते. या मंडळींपुढे आपला टिकाव कसला लागतोय! मग त्यांनी एक जुनी युक्ती काढली. तपासायच्या निमित्ताने बॉनेट उघडलं आणि इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज हळूच खिशात टाकला. पुकारण्याआधी प्रत्येक गाडी चालू करून दाखवत. चालू झाली नाही की व्यापारी नाकं मुरडत आणि गाडी मातीमोल भावात सुटे. मिस्त्रींनी अशा कितीतरी गाड्या घेतल्या होत्या.

काम फत्ते झाल्यावर ते आत बसले. सीट अजून तिच्या मापाने पुढे ओढलेली होती. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. काचेला नाक लावून गाडी चालवतेस, असं ते तिला चिडवायचे. तुमच्या लांब ढांगा मला कुठे मिळाल्या, मी आईच्या उंचीवर गेले, असं ती म्हणायची. त्यांनी सीट मागे केली नाही. काचा वर चढवल्या आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर भोंग्यावर कोणीतरी कसलेसे नियम सांगत होतं. ऐकायला मिस्त्री भानावर होते कुठे?

गाडीची पाळी आली. किल्ली फिरली, इंजिन नुसतंच घरघरलं. पुकारणाऱ्याने बोली न लावताच पुढच्या गाडीकडे बोट केलं, आणि चौघांनी पांढरी गाडी ढकलत पलीकडच्या रांगेत नेली. मिस्त्रींचा हात अर्धवट वर तसाच राहिला. शेजारच्याने समजावलं: नियम बदलला होता. चालू न होणारी गाडी आता थेट भंगारात जायची, आणि ती परवानेवाल्या भंगारवाल्यालाच मिळायची. मघाशी भोंग्यावर सांगितलं की, तो म्हणाला.

मिस्त्री धावत पुकारणाऱ्याकडे गेले. फ्यूज त्याच्या टेबलावर ठेवला, सगळं कबूल केलं. माणूस काही दुष्ट नव्हता. पण आज तुमचं ऐकलं तर उद्या प्रत्येक जण खिशात फ्यूज घालून येईल, म्हणाला. तोवर भंगारवाल्याने सगळी रांगच घेऊन टाकली होती. तोही मिस्त्रींच्या जुन्या ओळखीतला. पण प्रत्येक गाडी तोडल्याचा पुरावा द्यावा लागतो म्हणून त्याचेही हात बांधलेले. मिस्त्रींनी एवढंच मागितलं की तिला साखळीने ओढू नका, मीच ट्रकवर चढवतो.

फ्यूज बसवताच गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. किती गोड आवाज! त्यांनी ती सावकाश फळ्यांवरून वर नेली आणि खाली उतरून किल्ली दिली.

"एवढी ठणठणीत गाडी बंद का पाडलीत?" भंगारवाल्याने विचारलं.

"लेकीची होती. तुम्ही सगळे भाव चढवाल, म्हणून घाबरलो."

भंगारवाल्याने मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं.

"पोरीच्या मयताला आलो होतो आम्ही सगळे, मिस्त्री," तो म्हणाला. "नुसतं बोलला असतात, तर एकानेही हात वर केला नसता."