आपल्या मनानं चालणारा चाकू

पाचवा चाकू वहिनीकडे पाठवला तेव्हाच खुशालच्या मनात पाल चुकचुकली होती, की हाही परत येणार. दुपारी तो आलाच. थोरल्या भावाच्या बायकोची, सोमारीवहिनीची, मुलगी पुनम स्कूटी लावून भट्टीपाशी आली आणि पेपरात गुंडाळलेला चाकू तिनं ऐरणीवर ठेवला.

"आई म्हणते, नाई जमून राह्यला."

"काऊन? का होते त्याले?"

"म्हणते, चाकू आपल्या मनानं चालते."

"हे तर पयल्या दिवशीबी म्हटलं होतं तिनं. आपल्या मनानं म्हंजे कसा?"

"आता ते मले का माईत, काका," असं म्हणून पुनम निघून गेली.

खुशालनं चाकू उचलला आणि भट्टीच्या कुडाला लावलेली बांबूची कामटी सटकन कापली. धार अशी की कामटीला कळलंसुद्धा नसेल. मग यात खोट कुठे होती?

खुशालचा बाप कोयते आणि विळे करायचा. खुशालचा हात चाकूवर बसला होता. त्याचे चाकू फोनवर पाहून नागपूर-पुण्याची माणसं मागवत, कोणाला कसा हवा ते विचारून तो तसा घडवी. लोखंडाची चिंता नव्हती. सूरजागडच्या खाणीचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यानं धावायला लागल्यापासून गॅरेजांपुढे मोडक्या कमानपाट्यांचे, ट्रकखालच्या स्प्रिंगांच्या पोलादी पट्ट्यांचे, ढीग पडलेले असत, आणि त्या पोलादासारखी धार दुसऱ्या कशाला येत नाही.

हा छोटा चाकू मात्र कोणी मागवलेला नव्हता. तो त्यानं वहिनीसाठीच काढला होता. सोमारीवहिनीची बसस्टँडमागे खानावळ. रोज आठ-दहा किलो भाजी तिच्या हाताखालून जायची. गेल्या वर्षी गुडघे गेले, डॉक्टरनं खाली बसायचं बंद केलं आणि विळी सुटली. ओट्यापाशी उभं राहून बाजारच्या चाकूनं कापताना तिची होणारी चिडचिड खुशालनं ऐकली, आणि अशा बाया गावोगावी असतील हे त्याच्या डोक्यात आलं. चार बोटं लांबीचं पातं. धार विळ्यासारखी एकाच बाजूनं घासलेली, दुसरी बाजू सपाट. म्हणजे घरच्या घरी दगडावर एकच बाजू ओढली की काम झालं. ही एका बाजूची धार म्हणजे त्याची सगळी करामत होती. बायको गुणाबाई तर त्या चाकूनं कांदा चिरता चिरता म्हणाली होती, "आता मी कोणाले देत नाई हा."

वहिनीचं मात्र एकच पालुपद. खुशालनं मूठ शिवणीच्या लाकडाची होती ती तिवसाच्या लाकडाची केली. पुढचं टोक खाली आणलं. पातं पातळ केलं, इतकं की तापवून पाणी देताना दोन वाकडी झाली आणि फेकावी लागली. नागपूरचा एक दुकानदार पंधरा नग घ्यायला तयार होता आणि रोज फोन करत होता. चौदा नग तयारही होते. पण ज्या बाईसाठी चाकू काढला तिलाच तो चालेना, तर कोणत्या तोंडानं पाठवायचा? बारा दिवस गेले. खुशाल जेवताना बोलेनासा झाला आणि गुणाबाई त्याला विचारेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाकू घेऊन खानावळीत गेला. शिकायला नाही, वहिनीची चूक दाखवायला.

वहिनी ओट्यापाशी उभी होती, पुढ्यात बटाट्यांची टोपली. त्याला दारात पाहताच तिनं पदर सारखा केला.

"या भाऊजी. चहा ठेवू?"

"चहा नको. हे घ्या आन् माह्यासमोर कापा."

तिनं चाकू घेतला आणि बटाटा कापू लागली. सावकाश, जपून, नवख्या पोरीसारखी. पण काप सरळ पडला. दुसराही सरळ.

"पाहा," खुशालचा आवाज चढला. "सरळ चालून राह्यला का नाई? मंग रोज वापस काऊन पाठवता? बारा दिवस झाले, वहिनी. मी का रिकामा बसलो हावो?"

वहिनी खाली मान घालून कापत राहिली. चुलीपाशी पीठ मळणाऱ्या पुनमनं हात थांबवले.

"आई, रोजच्या हातानं काप न."

"तू गप राह्य."

"रोजच्या हातानं म्हंजे?" खुशालनं विचारलं.

पुनम पुन्हा पीठ मळू लागली. मग वहिनीनंच हळूच चाकू डाव्या हातात घेतला. आता तिचा हात सरसर चालला, जसा रोज आठ-दहा किलो भाजी कापणाऱ्या बाईचा चालावा तसा. आणि काप पडले ते वर जाड, खाली कागदासारखे. पातं दर वेळी बटाट्यातून बाहेर निसटत होतं.

खुशालला क्षणात कळलं. एका बाजूची धार सपाट बाजूकडे ओढते. उजव्या हाताला त्या ओढीची सवय असते, मनगट आपसूक आवरतं. डाव्या हाताला ती उलटी पडते.

"तुमी डावऱ्या हा?" तो म्हणाला. "बावीस वर्सं झाली तुमाले आमच्या घरात येऊन."

"जेवते उजव्यानं. वाढते उजव्यानं."

"मंग सांगाचं नाई का?"

वहिनी काप गोळा करत राहिली. "नवी होती तवा तुमच्या आईनं उलथनं मारलं होतं या हातावर. देवाच्या निवदाचं होतं ते, आन् मी डाव्यानं करत होती. तवापासून सासरच्या मानसापुढं नाई काढला. इथी कोन पाह्यते?"

खुशालला राग आला. पण तो आता काढायचा कोणावर? आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. चाकू न घेताच तो भट्टीवर परतला.

त्या दिवशी त्यानं उलट्या बाजूनं धार काढायला घेतली आणि घाईघाईत पातं ग्राइंडरवर तापवून निळं केलं. पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला, ते पातं वाया गेलं. दुसरं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमलं. तो स्वतः घेऊन गेला. वहिनीनं त्याच्यासमोर, डाव्या हातानं, अख्खी टोपली कापली. शेवटी ओटा पुसता पुसता म्हणाली, "आता नाई पळत."

एवढंच.

दुकानदाराला त्यानं फोनवर सांगितलं, चाकू दोन तऱ्हेचे ठेवा, गिऱ्हाइकाला हात विचारून द्या. दुकानदार हसला. डावखुरी माणसं असतात किती, म्हणाला, आणि कोण विचारत बसतं? आहेत ते पाठवा.

खुशालनं चौदा नग पाठवले. त्यांत काही खोट नव्हती, तरी खोक्यावर चिकटपट्टी लावताना त्याच्या मनात येत होतं. त्यातला एखादा अशाच कोणा बाईच्या ओट्यावर जाईल, ती म्हणेल चाकू आपल्या मनानं चालतो, आणि घरची माणसं म्हणतील, तुलाच कापता येत नाही.

"आता का झालं?" गुणाबाईनं विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला, आणि पंधराव्या चाकूसाठी काढलेला कमानपाट्याचा तुकडा भट्टीत घालून जोरजोरानं भाता ओढू लागला.