डोकेदुखीची पुडी

"निर्दोष माणसाला वकील कशाला लागतो?" असं वेंडल टगल जन्मभर छातीठोकपणे सांगत आला. बावीस वर्षं शाळेची बस चालवणारा, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या आमच्या गावचा सरळमार्गी माणूस. तुम्हीआम्हीही असंच म्हणतो, नाही का?

एका मंगळवारी, त्याच्या गाडीचा मागचा दिवा गेला होता म्हणून पोलिसाने त्याला थांबवलं.

"गाडीत जरा बघू का?"

"खुशाल बघा साहेब! माझ्याकडे लपवण्यासारखं काय असणार?"

दाराच्या खणात डोकेदुखीच्या औषधाची फाटकी पुडी निघाली. निम्मं गाव जिभेवर टाकतं तीच, पण नावाचा कागद कधीच गळून गेलेला. पोलिसाने चिमूटभर भुकटी तपासणीच्या नळीत टाकली. नळी निळी झाली. निळा रंग म्हणजे कोकेन! वेंडलच्या हातात बेड्या पडल्या.

जामिनावर सुटून तो पहिल्या तारखेला कोर्टात गेला. सरकारी पक्षाने तोडगा पुढे केला: गुन्हा कबूल कर, तुरुंग नाही, वर्षभर देखरेख, आजच मोकळा.

"मॅडम, सही करतो आणि सुटतो एकदाचा," तो कोर्टाने नेमून दिलेल्या वकील ल्यूडी क्रेनशॉ यांना म्हणाला. "गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

ल्यूडीबाईंनी पेनच उचलून पर्समध्ये टाकलं. "सही केलीत की बसची किल्ली गेली. कबुली दिलेल्या माणसाच्या हाती मुलं कोण सोपवेल?"

"पण रंग तर निळा आला!"

"निळा रंग म्हणजे संशय, पुरावा नव्हे. आज गुन्हा नाकबूल करा आणि भुकटी प्रयोगशाळेत जाऊ द्या. झडतीला अदबीने नाही म्हणता आलं असतं. ती वाट तुम्हीच बंद केलीत. अहवाल आपल्या विरोधात आलाच, तर पहिल्यांदा सापडलेल्यांसाठी समुपदेशनाची सोय मागू. ते पुरं केलं की खटला मिटतो. मग घाई कशाची?"

वेंडलला हॉलिस आठवला. तोही बसचालक. गेल्या वर्षी रस्त्यावर अशाच भुकटीपायी पकडला गेला आणि पहिल्याच दिवशी सही करून मोकळा झाला. 'कबूल केलं म्हणजे केलंच असणार,' म्हणत वेंडलने त्याला हाक मारणंही सोडलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाकबूल!" तो न्यायाधीशांसमोर म्हणाला.

सात आठवडे तो बसविना घरात येरझाऱ्या घालत होता. मग फोन आला. "अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन!" ल्यूडीबाई अक्षरशः ओरडल्या. "खटला रद्द! आता अटकेची नोंद लोकांच्या नजरेआड ठेवायचा अर्ज करू."

त्याची बायको व्हर्लीन रडता रडता हसली. "किती वर्षं सांगतेय, त्या पुड्या सोड म्हणून!"

सोमवारी पुन्हा बस चालवत मुलांना शाळेत सोडून वेंडल थेट हॉलिसच्या दारी गेला.

"चुकलो रे. तुला एका शब्दानेही विचारलं नाही मी."

"माझी भुकटी कुणी तपासलीच नाही," हॉलिस म्हणाला. "भ्यालो आणि सही केली."

"चल, बस गाडीत. नमुना अजून ठेवलेला असेल तर तपासायला लावता येईल, म्हणाल्या माझ्या वकील ल्यूडीबाई. त्यांच्याकडेच जाऊ."

मित्रहो, वकील मागणं हा चोराचा कावा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे! आणि भीतीपोटी केलेल्या सहीवरून कुणाची पारख करू नका.

गाडीत बसताना हॉलिस वर्षभराने हसला. "मागचा दिवा बदललास ना रे?"