चौदा नंबरची तहान

कमिटी येणार म्हणून शिवांजलीनं सकाळी सहालाच शेड धुऊन घेतली होती. धाराशिवच्या बाहेर, विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात तिच्या सहा काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या होत्या आणि त्या सहा जणींवर तिची पीएच.डी. उभी होती. ऐन उन्हाळ्यात शेळीला दिवसाआड पाणी दिलं तर ती किती तग धरते, हे तिला मोजायचं होतं. टँकरची वाट बघणाऱ्या गावांना त्याचा उपयोग होणार होता, म्हणूनच परवानगी मिळाली होती. साठ दिवसांतले पन्नास सरले होते. उरलेले दहा निभावले की प्रबंध, आणि प्रबंध हातात असला तरच ऑगस्टमधली नोकरीची मुलाखत.

जनावरांवर प्रयोग करायचे तर अशी कमिटी लागतेच. तीत डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात आणि नियमानं एक शास्त्रज्ञ नसलेला माणूस समाजातून घ्यावा लागतो. पुष्कळदा ही खुर्ची नावापुरती असते. चहा प्यायचा, सही ठोकायची, घरी जायचं. इथं त्या खुर्चीवर मुरूम गावाकडची इरम्मा होती. साठ वर्षं शेळ्या राखलेली, सहीऐवजी अंगठा देणारी बाई. तिला ज्यानं कुणी नेमलं त्याचं भलं होवो.

बाकीचे सदस्य कूलरखाली बसून फायली चाळत होते. इरम्मानं फायलीकडं बघितलंसुद्धा नाही.

"शेळ्या कुठं हायत?" तिनं विचारलं आणि सरळ शेडमध्ये जाऊन जमिनीवर बसली, तीही शेळ्यांकडं पाठ करून. शिवांजलीला हसू आलं. तपासणीला आलेला माणूस पाठ फिरवून बसलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. पण पाच मिनिटांत एक शेळी येऊन म्हातारीचा पदर चघळू लागली, दुसरीनं खांद्यावर तोंड टेकलं. कोण पुढं येते, कोण मागं राहते, कुणाचा श्वास कसा चालतो, हे इरम्मा न बघता टिपत होती.

शिवांजलीनं तिला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"ठिव तितं," इरम्मा म्हणाली.

तासाभरानं बघितलं तर तांब्या तसाच. शिवांजलीनं माठातलं गार पाणी बदलून आणलं, तरी तेच. बाहेर अंगाची लाही होत होती आणि म्हातारीचे ओठ सुकले होते. उपास असेल, नाहीतर परक्या हातचं पाणी चालत नसेल, असं मनाशी म्हणत शिवांजली जराशी रुसलीच.

मग तिनं आपली लाडकी पुढं आणली. कानातल्या बिल्ल्यावर चौदा नंबर. बाकी पाचजणींचं वजन आठवड्यागणिक उतरत होतं, हिचं मात्र जवळजवळ तसंच होतं. पुण्याच्या परिषदेत शिवांजलीनं हिचाच फोटो पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्या होत्या.

"आज्जी, ही बघा. तहान हिला जाणवतच नाही."

इरम्मानं शेळीच्या पोटाखाली दोन्ही तळवे घातले, हलकेच वर उचललं, सोडलं, पुन्हा उचललं.

"ही कवा आणली?"

"फेब्रुवारीत, भूमच्या बाजारातून. आणल्या दिवशीच मशीन लावून तपासली. रिकामी होती."

"तवा लई कोवळं आसंल, मशीनला गावलं न्हाय. गाभण हाय ही, पोरी. दोन हायत पोटात."

शिवांजलीचा हात धरून तिनं तो नेमक्या जागी टेकवला. आतून काहीतरी टणक आलं, हाताला लागलं आणि पुन्हा मागं गेलं. दर सोमवारी तिनं या शेळीला काट्यावर चढवलं होतं आणि वजन उतरत नाही म्हणून दर सोमवारी ती खूश झाली होती. शेळी आतून झिजत होती आणि काट्यावर करडांचं वजन भरत होतं. जनावरांची डॉक्टर असून तिला हे दिसलं नव्हतं, कारण दिसायला नकोच होतं.

तिचे मार्गदर्शक कृष्णराज सर आले. ऐकून त्यांनी फाइल उघडली.

"कागदावर ती रिकामीच आहे," ते हळूच म्हणाले. "दहा दिवस उरलेत. पाच शेळ्यांवर निष्कर्ष टिकणार नाही, पुढचा उन्हाळा लागेल. वर्ष जाईल, मुलाखतही जाईल. तूच ठरव."

शिवांजलीनं इरम्माकडं बघितलं. म्हातारी ना रागावली होती, ना समजूत घालत होती.

"दुष्काळात आमी बी शेळ्या तान्हेल्या ठिवल्यात," ती एवढंच म्हणाली. "पर पोटुशीला न्हाय. ती मागत न्हाय, सोसती."

गाभण शेळी या प्रयोगात घेतली जाणार नाही, हे वाक्य दोन वर्षांपूर्वी अर्जात शिवांजलीनंच लिहिलं होतं. तेव्हा ते लिहायला काहीच कष्ट पडले नव्हते. आता तिनं नोंदवही उघडली आणि तारीख घालून लिहिलं: चौदा नंबर गाभण, प्रयोगातून बाहेर. निदान राहून गेलं, चूक माझी. मग पेन थांबलं. ज्या प्रयोगातून आता काही सिद्ध होणार नव्हतं, त्यासाठी उरलेल्या पाचजणींना तरी तहानलेलं कशाला ठेवायचं? तिनं पुढं लिहिलं: प्रयोग आजपासून बंद. दोन वर्षं एका ओळीत संपली आणि डोळे भरून आले, ते तिनं लपवलेही नाहीत.

तिनं स्वतः नळाखालून बादल्या भरून आणल्या. पहिली चौदा नंबरपुढं ठेवली. जिला तहान जाणवतच नाही असं ती जगाला सांगत फिरली होती, त्या शेळीनं बादलीतून तोंड म्हणून वर काढलं नाही. मग बाकीच्या पाचजणी प्यायल्या. सहावीनं तोंड बाहेर काढून मान झटकली, तेव्हा इरम्मा हात टेकत उठली.

"आण आता माजा तांब्या."

शिवांजली बघतच राहिली. "आज्जी, तुम्ही सकाळपासनं..."

"आमच्या घरची रीत हाय. खांडातली जनावरं प्याली न्हाईत, तर राखणारानं पाणी तोंडाला लावायचं न्हाय." एका दमात तिनं तांब्या रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं. "आता वही बी आण. कुठं लावू अंगठा?"

शिवांजलीनं आपल्या सहीखालची जागा दाखवली. इरम्मानं तिथं अंगठा दाबला, मग शाईचं बोट तसंच ठेवून दुसऱ्या हातानं पोरीची हनुवटी वर केली.

"पुढल्या साली बाजाराला मला संगं न्हे," ती म्हणाली. "रिकामी शेळी कंची, ते म्या दावते."