पेटिबोनांची केसांची माळ

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे, पण माझ्यात एकही खरं फूल नाही. माझी फुलं, पानं, कळ्या सगळं माणसांच्या केसांचं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या पेटिबोन घराण्याने आपल्या माणसांची नावं कधी कागदावर उतरवली नाहीत. त्यांची वंशावळ म्हणजे मी.

मला ऑर्फा पेटिबोनने केलं. मक्याची कापणी आटोपून बर्फ पडायला लागला की तिचे हात मोकळे व्हायचे. मग ती घरच्यांचे केस सोड्याच्या पाण्यात धुऊन वाळवायची, विणायच्या सुईवर गुंडाळायची आणि बारीक तारेने आवळून पाकळ्या करायची. नवऱ्याच्या दाढीची तिने पानं केली. तो म्हणायचा, "डोक्यावरचे तेवढे राहू दे. थंडी फार आहे."

माझा आकार घोड्याच्या नालासारखा, तोंड वर; मागे कापड आणि पुढे काचेची चौकट. मधली जागा घरात सगळ्यात अलीकडे वारलेल्या माणसाची. पुढे आणखी कुणी गेलं, की ते फूल कडेला सरकायचं आणि मध्ये नवं यायचं. सगळ्याच घरांमध्ये तशी रीत होती.

ऑर्फाची सून अल्मायरा बाळंतपणात गेली, तेव्हा मध्ये तिचं फूल आलं. तांबूस, तापवलेल्या तांब्यासारखं. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिची मुलगी डीलिया चालायला लागली, तशी ऑर्फा तिला उचलून माझ्यासमोर धरायची. "ते मधलं बघ. ती तुझी आई."

ऑर्फाची मुलगी लोडीमा एकदा म्हणाली, "आई, फुलांखाली नावाच्या चिठ्ठ्या डकवू या का?"

"हे काय किराणा दुकान आहे?" ऑर्फा म्हणाली. "आपल्या माणसांना चिठ्ठ्या कसल्या लावतेस?"

पुढे डीलियाचा बाप तिला घेऊन नेब्रास्कात नवी जमीन कसायला गेला. ऑर्फा वारली. लोडीमाने तिचे पांढरे केस माझ्या मधोमध बसवले आणि अल्मायराचं फूल उजवीकडे, पर्मिलियाच्या फुलाच्या जोडीला सरकवलं. पर्मिलिया ही लोडीमाची थोरली बहीण, केस काळेभोर. दोघींची अदलाबदल होईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

लोडीमाचा माझ्यावर जीव होता. आल्यागेल्याला मी दिसावी म्हणून तिने मला दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलं. लोक कौतुक करायचे, मीही फुगून जायची. पण मित्रांनो, केस कुजत नाहीत, तरी उन्हात त्यांचा रंग मरतो. रोज थोडा थोडा. म्हणून रोज बघणाऱ्याला तो कळत नाही.

पुष्कळ वर्षांनी डीलिया आली, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. डीलियाचे स्वतःचे केस बापासारखे काळे. मुलीचे मात्र तांबूस, अल्मायरासारखे. लोडीमाने तिच्यासमोर भोपळ्याचं गोड सारण भरलेली पेस्ट्री ठेवली, पण तिने बशीला हात लावला नाही.

"आत्या, सासूबाई चारचौघांत विचारतात, आमच्या घराण्यात असे केस कुणाचे नाहीत, हे आणलेस कुठून? आणि हल्ली नवराही गप्प बसतो. मला ती माळ हवी. एकदा नेऊन दाखवते, परत पाठवते."

"अगं, ने की. तुझी आई तर..." लोडीमा मला खाली काढता काढता थांबली.

अल्मायरा आणि पर्मिलिया, दोघी वाळल्या गवताच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"यातली आई कुठली?"

"उजवीकडची... नाही, थांब." लोडीमाने चष्मा पुसला. "तांबूस होती गं. मी शपथेवर सांगते."

"तुझ्या शपथेला तिथे कोण विचारतं? त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं." डीलियाने काचेच्या चौकटीला हात घातला. "उघडून बघू?"

"नको. केस ठिसूळ झालेत, हात लागला की तुटतील."

डीलियाने हात मागे घेतला. निघताना लोडीमाने कात्री आणली. "पोरीची एक बट दे. माळेत घालते."

"राहू दे, आत्या. तिचेही पिवळे पडतील."

बग्गी मक्याच्या शेतांमधून दिसेनाशी झाली. लोडीमाने मला पुन्हा त्याच खिळ्यावर अडकवलं.

मित्रांनो, जीव लावलेली वस्तू नुसती मिरवू नका, तिला उन्हापासूनही जपा. आणि आपल्या माणसांची नावं, ती सांगणारं कुणी आहे तोवर लिहून ठेवा.

मला त्या दिवशी बोलता आलं असतं, तर मी डीलियाला एवढंच सांगितलं असतं: काच उघड. एखादी पाकळी तुटली तर तुटू दे. त्या जोडीतलं उजवीकडचं फूल उलटं कर. मागच्या कापडाला टेकलेल्या बाजूला ऊन कधी पोचलंच नाही. तिथे तुझी आई अजून तांबूस आहे.