गरम ग्लासातला वास

दादाने धाकट्या बहिणीला टाकी दिली खरी, पण हात आखडूनच दिली. सर्वांत लहान, सर्वांत शेवटची, सांडपाण्याच्या जाळीला चिकटलेली. बीअरचा कारखाना म्हणजे तरी काय, जुन्या गॅरेजात मांडलेल्या सहा टाक्या आणि पुढे चाखणाऱ्यांसाठी चार उंच स्टुलं. पाच टाक्यांत दादाची बीअर. सोनेरी, नितळ, ग्लासाआडून पेपर वाचावा इतकी. सहावीत धाकटीची गढूळ.

"ही बीअर आहे की भांडी विसळलेलं पाणी?" दादा येता-जाता विचारायचा.

"मुद्दामच गढूळ आहे. ओट्स घातलेत, गाळलेली नाही. सगळी मजा त्यातच असते."

"असेल बाई."

ठरलं होतं ते एवढंच. कोपऱ्यावरची पबवाली येऊन चाखणार. तिने बीअर घेतली तर टाकी कायमची धाकटीची. नाही घेतली तर टाकी धुऊन तिच्यात दादाची नितळ बीअर भरायची आणि धाकटीने निमूटपणे पुन्हा बाटल्यांना लेबलं लावत बसायचं. लेबलं लावून लावून तिचा जीव विटला होता. ही बीअर तिने पोटच्या पोरासारखी जपली होती.

पबवाली दुपारी यायची होती. सकाळी धाकटीने टाकीतून दोन ग्लास काढले, दोन्हींवर झाकणं घातली, एक गरम पाण्यात ठेवला आणि दुसरा तसाच. थोड्या वेळाने गरम ग्लास पुन्हा गार केला आणि एकेक नाकाशी नेला. न तापवलेल्यात संत्र्याची साल, अननस, सगळं कसं हवं तसं. तापवलेल्यात तेच, आणि मागून लोणी. चक्क लोणी!

शेवटी वासासाठी हॉप्सची फुलं टाकली की निजलेलं यीस्ट कधीकधी जागं होतं आणि नसता उद्योग करून ठेवतं. त्याचा वास लगेच येत नाही. बीअर आज फक्कड लागते, आणि पबच्या तळघरात आठवडाभर राहिली की लोण्याचा गोळा चाटल्यासारखी लागते. ग्लास गरम केला की पुढचं दुखणं आजच कळतं. उपाय तसा सोपा आहे. टाकी जरा उबदार ठेवून आणखी काही दिवस थांबायचं, म्हणजे यीस्ट आपलं आपणच निस्तरतं. पण पबवाली तर आजच यायची होती.

दादाने दोन्ही ग्लास हुंगले. परत हुंगले. "मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

"दादा, लोणी आहे त्यात."

"लोणी तुझ्या डोक्यात आहे. तू शाळेत होतीस तेव्हापासून बीअर करतोय मी. ऐन वेळी हातपाय गाळतेस होय? आज गार ग्लास चाखेल, खूश होईल, विषय संपला."

"आणि आठवड्याने?"

"आठवड्याचं आठवड्याने बघू."

"मी नळ उघडणार नाही."

"मग टाकी गेली समज."

धाकटीचे डोळे भरून आले. स्वतःच्याच नाकाचा संताप आला तिला. बाकी कुणाला येत नाही तो वास आपल्यालाच का मेला यावा? तिने गरम ग्लास पुन्हा हुंगला. वास होताच. मग जे व्हायचं ते होऊ दे, म्हणत तिने नळाची दांडीच काढली आणि खिशात टाकली.

पबवाली आली ती वाऱ्यासारखी. थांबणं कशाशी खातात हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. दादाने लगबगीने आपली नितळ बीअर पुढे केली.

"ही तर मी नेहमीच नेते. गढूळ कुठाय?"

"आज नाही देणार," धाकटी म्हणाली. दादाने कपाळावर हात मारला.

"अगं, मग बोलावलंस कशाला? धंदा टाकून आलेय मी!"

"हे दोन ग्लास हुंगा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला मला."

पबवालीने पहिला हुंगला, घोट घेतला. "अगंबाई! ही बीअर आहे की फळांची टोपली?" आणखी एक घोट घेऊन तिने दुसरा ग्लास उचलला आणि लगेच नाक मुरडलं. "यात लोणी."

धाकटीला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. "तेच घालवायचंय मला! आज दिली तर तुमच्या तळघरात तिची ही गत होईल."

"होईना का," पबवाली सहज म्हणाली आणि तिने दादाच्या नितळ ग्लासाकडे बोट दाखवलं. "याला तर हा वास कायमच असतो. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवता."

दादा हसला. मग हसायचा थांबला. आपलाच ग्लास उचलून, डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला, आणि ग्लास बहिणीच्या हातात दिला.

"तू सांग."

बीअर म्हणजे काय हे याच माणसाने तिला शिकवलं होतं. त्याच्या बीअरचा हा वास तिला पहिल्यापासून माहीत होता, बीअर अशीच असते असं ती धरून चालली होती. आता 'नाही' म्हटलं तर दादाची लाज राहिली असती, कदाचित टाकीही मिळाली असती.

"आहे, दादा. चांगलाच आहे."

"मला येतच नाही गं," दादा म्हणाला. त्याचा एवढा बारीक आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "खोटं नव्हतो बोलत. खरंच येत नाही."

"काही नाकांना हा वास कळतच नाही. त्यात तुझा काय दोष?"

दादा स्टुलावर बसला. "जा," आपल्या टाक्यांकडे बोट दाखवत म्हणाला, "पाचही बघून ये."

धाकटीने प्रत्येक टाकीतून ग्लास काढला, गरम केला, गार केला, हुंगला. पबवालीसुद्धा चुळबुळ न करता बसून राहिली.

"बोल, यातली आज कुठली भरायची?" दादाने विचारलं.

"एकही नाही."

"अहो, मग आठवडाभर गिऱ्हाइकांना मी काय पाजू?" पबवाली ओरडली.

"पाणी पाजा," दादा म्हणाला आणि उठून एकेका टाकीचं तापमान वाढवायला लागला. "हिने हो म्हटल्याशिवाय इथून थेंब बाहेर जाणार नाही."